सिदूचा दम

"आणखी फुंका, आणखी, आणखी... सोडू नका, सोडू नका... बास."

समोरच्या माणसाने तोंडातली नळी काढली, नाकाचा चिमटा माझ्या ट्रेमध्ये टाकला आणि फडक्याने पुन्हा नाकतोंड बांधून घेतलं. कार्डावर नाव होतं बाळगोंडा मगदूम. वय बावन्न, उंची एकशे साठ, खातं फेटलिंग. म्हणजे लोखंड ओतून झाल्यावर त्याला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढायची. पंधरा वर्षं तेच काम. विड्या रोज दहा.

लॅपटॉपवर आकडा आला. त्या वयाच्या, त्या उंचीच्या निरोगी माणसाची छाती शंभर धरली, तर यांची एकशे तेहतीस.

मी मान वर केली तेव्हा तो दारातून बाहेर पडत होता. चांगली रुंद पाठ होती.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी वर्षातून एकदा मशीन घेऊन जायची. कॅन्टीनचं एक टेबल मला मिळायचं. टोपकर नावाचा सुपरवायझर बाहेरून एकेकाचं नाव पुकारायचा, माणूस आत यायचा, तीनदा फुंकायचा, जायचा. कागदावर हिरवा किंवा लाल शिक्का उमटायचा. खाली माझी सही असायची : 'ओळख पटवून तपासणी समक्ष केली. उज्ज्वला बेडकिहाळे.'

आता मी जात्याच संशयी. भाजीवालीने आपणहून कोथिंबीर फुकट दिली तरी ती उलटीपालटी करून बघणार. त्यामुळे एकशे तेहतीस बघून माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हेच, की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. फेटलिंगवाल्याची छाती पंधरा वर्षांनी राहिली तरी देवाची कृपा म्हणायची. ती वाढते कशी?

मी आलेख मोठा करून पाहिला. माणूस जोरात फुंकतो तेव्हा पडद्यावर एक डोंगर उमटतो, चट्कन चढणारा आणि सावकाश उतरणारा. चढ जोरावर असतो, माणूस फसवू शकतो. उतार फसवता येत नाही, तो छातीतल्या नळ्यांच्या घडणीवर असतो आणि ज्याचा त्याचा असतो. या आलेखाच्या उतारावर मध्येच एक खाच होती. ही खाच मी त्याच दिवशी सकाळी पाहिली होती. पहिल्याच नंबरला.

पहिला नंबर सिद्राम चौगुलेचा होता, तोही फेटलिंगचाच. चौतीस वर्षांचा उंचापुरा गडी, सगळे त्याला सिदू म्हणत. पंचगंगेत बुडी मारली की पलीकडच्या काठाला वर येतो, अशी त्याची ख्याती होती. तो आलेख उघडून मी शेजारी ठेवला. वेगळं नाव, वेगळं वय, पण डोंगर एकच. दोन सख्ख्या भावांचेही इतके जुळत नाहीत.

पहिला संशय मला टोपकरचा आला. नाव तोच पुकारतो. पंधरा वर्षं हाताखाली असलेला माणूस त्याला ओळखू येत नाही? लाल कागद कमी निघाले तर कंपनीच्या सोयीचंच आहे. तेवढ्यात तोच चहा घेऊन आला.

"काय मॅडम, सगळं नीट चाललंय न्हवं? कुणी लबाडी करतंय का? असलं तर सांगा मला."

विचारलं नसताना लबाडीचं नाव काढणारा माणूस मला कधीच आवडलेला नाही. मी म्हटलं, "चाललंय ठीक. तेवढी उंची मोजायची पट्टी पाहिजे होती."

"उंची कशाला? कार्डावर हाय की."

"या वर्षीपासून मोजायची आहे."

खरं तर उंची दर वर्षीच मोजायची असते. मी कार्डावरची जुनीच उतरवून घ्यायची. चाळीस माणसं, दोन वाजेपर्यंत आटपायचं, म्हणून. टोपकरने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि स्टोअरमधून टेप पाठवून दिली. मी ती दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवली.

दोन माणसं झाली. मग बाहेरून हाक आली, "आण्णाप्पा कांबळे!"

आत आलेल्याचा शर्ट वेगळा, निळा होता. फडकं मात्र डोळ्यांच्या खालपर्यंत बांधलेलं.

"भिंतीला टेकून उभे राहा."

"का वो बाई? दरसाल तर न्हाई मोजत."

"उभे राहा."

एकशे अठ्ठ्याहत्तर. कार्डावर एकशे अठ्ठावन्न होते.

"आण्णाप्पा," मी म्हटलं, "वर्षात वीस सेंटिमीटर वाढलात. काय खाता काय?"

त्याने फडकं खाली ओढलं आणि चक्क हसला. सिदूच होता.

"घावलो म्हणायचं."

"मघाशी बाळगोंडा म्हणून कोण आलं होतं?"

"मीच की. इस्माईलमामूचा नंबर अजून यायचा हाय. त्यो आता ऱ्हाऊ द्यायचा का?"

मला राग आला, आणि त्याच्या हसण्याचा जास्त आला. "किती वर्षं चाललंय हे?"

"तीन. तुमी यायला लागल्यापास्नं." तो माझ्यासमोर बाकावर बसला. "आदीचा डॉक्टर तोंड बगून मग नळी द्यायचा. तुमी नळीकडंच बगता. पोरं म्हंत्यात, ह्या बाई लई चांगल्या."

आयुष्यात कुणी मला इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि तो कौतुक करत होता.

"आणि टोपकर?"

"त्यो बगतच न्हाई. बगितलं तर लिवावं लागंल न्हवं त्याला?"

मी खऱ्या बाळगोंडांना बोलावून घेतलं. अंगाने लहानखुरा, मऊ बोलणारा माणूस. टोपी काढून हातात धरून उभे राहिले. मी नळी दिली. त्यांनी श्वास घेतला, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या सेकंदाला खोकल्याची उबळ आली. सिदूने उठून त्यांची पाठ चोळली. तिन्ही वेळांतला जो काय बरा आकडा आला तो शंभरात सेहेचाळीस होता.

"मगदूम, तुम्ही या धुळीत एक दिवससुद्धा उभं राहता कामा नये," मी म्हटलं. "कळतंय का? मोठी धूळ नाकात अडकते, घशात अडकते, बेडक्यातून पडून जाते. ही बारीक वाळू तशी नाही. उसाला पाणी सोडलं की पाटातून दांडात आणि दांडातून सरीत जातं ना, तशी श्वासाची वाट छातीत फुटत फुटत जाते, वीस-बावीस वेळा. अगदी शेवटच्या सरीला बारीक बारीक फुगे असतात, तिथे हवा रक्तात मिसळते. ही धूळ तिथवर पोचते आणि परत येत नाही. तिथे गाठी होतात. फुगा फुगायचा थांबतो."

"व्हय बाई," बाळगोंडा म्हणाले. "सरी बुजल्याय म्हना की."

"मग काम का सोडत नाही? नियमाने लाल शिक्का आला की बिनधुळीचं काम द्यावं लागतं."

उत्तर सिदूने दिलं. "बिनधुळीचं काम गेटवर. गेट एकच हाय, आनि तितं टोपकरसायबाचा मेवना बसलाय. लाल आला की पुढच्या म्हैन्यात कार्ड बंद. चार जन गेलं तसं. म्हनून म्या दम देतोय. माझ्याकडं बक्कळ हाय, माझं काय जातंय?"

"तुमचं काही जात नाही. जातंय त्यांचं. तुम्ही त्यांना मारताय."

सिदूचं हसणं गेलं. "घरी बसून का जगत्यात ते? गेलेल्या चौघांतला एक तरी हाय का इचारा."

बाळगोंडांनी त्याला हाताने गप्प केलं. "बाई, पोराचं नाव घेऊ नका. कायबी लिवायचं तर माझं लिवा."

मी म्हटलं की सोमवारपर्यंत ठरवते, आणि सामान आवरलं. पण मनातून माझं ठरलं होतं. मला लिहायचंच होतं. बाळगोंडांचा कळवळा होता म्हणून नाही. तीन वर्षं मला मूर्ख बनवलं होतं म्हणून.

संध्याकाळी दवाखान्यात येऊन मी पुरावा जमवायला बसले. सिद्राम, बाळगोंडा, आण्णाप्पा, इस्माईल. चौघांचे तीन वर्षांचे सहीचे आलेख काढले; कंपनीला नुसता शिक्क्याचा कागद जायचा, आलेख दवाखान्यातच राहायचे. इस्माईल आणि आण्णाप्पा यांच्या नावावर यंदा फुंकायचं राहिलं होतं, म्हणून निघण्याआधी मी सिदूला त्या दोघांच्या नावावर एकेकदा फुंकायला लावलं होतं आणि सवयीने खाली सहीही केली होती. मुद्देमाल पुरा हवा ना. असे बारा कागद झाले. बाराही डोंगरांच्या उतारावर तीच खाच. मी ते टेबलावर मांडून डॉक्टर हेर्लेकरांना बोलावलं. दवाखाना त्यांचा, आणि छातीचे आजार बघण्यात उभी हयात गेलेली.

"ही बघा चोरी," मी म्हटलं. सगळी हकिगत सांगितली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद वर्षांप्रमाणे तीन ओळींत लावले.

"चोरी राहू दे बाजूला," ते म्हणाले. "पहिल्या ओळीतले चार आकडे वाच."

"चार पूर्णांक नऊ लिटर. चारही कागदांवर साधारण तेवढेच."

"दुसरी ओळ."

"साडेचार."

"तिसरी."

मी वाचायच्या आधीच मला कळलं. चार. डोंगराचा आकार तोच होता, खाच तीच होती, फक्त डोंगर दर वर्षी लहान होत होता. दोन वर्षांत जवळजवळ एक लिटर हवा गेली होती.

"पण त्याचा रिपोर्ट हिरवा आहे," मी म्हटलं. "एकोणनव्वद टक्के."

"असणारच. एकशे नऊवरून घसरलाय. श्रीमंताचं अर्धं घर लुटलं तरी तो गरीब दिसत नाही, तसं आहे हे. लाल व्हायला ऐंशीच्या खाली यावं लागतं. हा या वेगाने वर्षभरात येईल, आणि तिथून पुढे त्याला कुणी थांबवू शकणार नाही. आत्ता धुळीतून काढला तर काहीतरी हाती राहील." त्यांनी बोट टेबलावर आपटलं. "नुसते याच्या नावाचे तीन कागद असते ना, तर कंपनी म्हणाली असती, मशीन वर-खाली दाखवतं. तीन कागदांत मशीनची चूक निघते. बारा कागदांत निघत नाही. हे बारा मला जपून पाहिजेत."

मग ते म्हणाले, "प्रत्येकावर 'ओळख पटवून' असं लिहिलंय, आणि सही तुझी आहे. तेवढं लक्षात असू दे."

ते सहज म्हणाले असतील. मला ते धमकीसारखं वाटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच दिवशी दुपारी मी ज्यांना चोर म्हणत होते ते चार जण माझ्या मनातून पार गेले होते आणि फक्त नऊ सह्या उरल्या होत्या. नऊ वेळा मी दुसऱ्याच माणसाला ओळखलं, असं लिहून दिलेलं.

सोमवारी चार वाजता, पहिली पाळी सुटल्यावर, सिदू दवाखान्यात आला. मी निरोप पाठवला होता. तो खुर्चीवर टेकला नाही. दार उघडं ठेवून उभा राहिला, जणू आत कुणी पोलीस लपवलाय.

मी बारा कागद पुढे केले आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मला भ्या घालताय."

"नाही."

"मग? परवा म्हनत हुता, म्या त्यास्नी मारतोय. आता माझ्याच काळजीनं बोलीवलं?" त्याने छातीवर थाप मारली. "कालच पवून आलोय."

"एका दमात पलीकडे गेलात?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पानी जरा जास्त हुतं."

मार्च महिना होता. पंचगंगेला तेव्हा गुडघाभरही पाणी नसतं कितीतरी ठिकाणी. त्यालाही ते माहीत होतं. त्याने कागद उचलले आणि एकेक नाव वाचत गेला. अक्षरं लावत, सावकाश.

"ह्यात माझ्या नावाचं किती?"

"तीन."

"बाकीचं नऊ त्या तिघांचं. हे नऊ भाईर काडलं की तिघंबी घरी. व्हय का न्हाई?"

"हो. पण हे नऊ दाखवल्याशिवाय तुमच्या तीन कागदांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. सिद्राम, तुमचा जीव आहे हा."

"तीनच धरा," तो म्हणाला.

"नीट विचार करा. बायकोला विचारा."

"तीनच धरा बाई. एकदा दम दिला तो दिला. परत मागायचा नसतोय." त्याने नऊ कागद माझ्याकडे सरकवले. "हे ठेवा तुमच्यापाशी. तिगं रिटायर झाल्यावर बगू काय ते."

आणि तो गेला. जाताना दार ओढून घेतलं.

तो गेल्यावर मी ते नऊ कागद फाडले. लॅपटॉपवरच्या नऊ फायलीही काढून टाकल्या, गेल्या दोन वर्षांच्या सुद्धा. कंपनीला यंदा त्या तिघांचे अहवाल पाठवताना मी 'गैरहजर' असं लिहिलं. मी स्वतःला सांगत होते की त्या तिघांची कार्डं वाचवतेय. पण ते खरं नव्हतं. सिदूने ठेवायला सांगितले होते, डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. मी फाडले ते माझ्या नऊ सह्यांसाठी.

हेर्लेकरांना सांगितलं की तो माणूस कागद घेऊन गेला. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. उरलेल्या तीन कागदांवर त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की सिद्राम चौगुलेचा एक्स-रे काढावा आणि खातं बदलावं. टोपकरच्या सहीने उत्तर आलं : कामगाराचा अहवाल नॉर्मल आहे, मशीनमध्ये थोडाफार फरक पडतो, गरज वाटत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच दवाखान्याला काम दिलं.

दोन वर्षांनी एका सकाळी बाळगोंडा आले. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलताच येईना. मी पाणी दिलं. ते आणखी वाळले होते, पण होते.

"सिदू मोठ्या दवाखान्यात हाय," ते म्हणाले. "नळी लावलीया ऑक्सिजनची. पाच पावलं चालला तर बसतोय. एवढा दांडगा गडी, बाई. माझ्या आदी त्याची पाळी आली."

मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"भरपाईचा अर्ज केलाय त्याच्या बायकोनं. कंपनी म्हंत्या, आमच्याकडं हुता तवर रिपोर्ट हिरवा. रोग भाईरनं आनलाय. म्हनून आमी तिगं बसलो, म्या, आण्णाप्पा, इस्माईलमामू. ठरीवलं. आमी लिवून देनार, की ह्या कागदावर नाव आमचं हाय पन दम त्याचा हाय. कार्ड जाऊ द्या, जेल हू द्या. वकील म्हनाला, ते नऊ कागद मिळालं तर केस उबी ऱ्हाती. सिदू म्हनला, बाईंच्यापाशी ठेवल्यात. तुमच्यापाशी हाईत न्हवं?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. माझ्या तोंडाकडे बघत होते, सरळ.

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हटलं, "तो म्हणाला होता फाडून टाका म्हणून. तुमची नावं नकोत म्हणाला."

बाळगोंडांची मान खाली गेली. मला वाटलं, आता विचारतील. तो तर ठेवल्यात म्हणाला, मग तुम्ही असं कसं म्हणता, विचारतील. मी असते तर विचारलं असतं. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं.

त्यांनी डोळे पुसले.

"आता इसरला आसंल त्यो. तापात कायबी बोलतोय," ते म्हणाले. "आमच्यासाटीच केलं बगा. असाच हाय त्यो पयल्यापास्नं." मग माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर थोपटलं. "तुमी काय करनार बाई, त्यानंच सांगितल्यावर. तुमी मनाला लावून घेऊ नका."

पिशवीतून त्यांनी गुळाची एक छोटी ढेप काढली. घरच्या उसाचा, म्हणाले, सिदूच्या बायकोने आठवणीने दिलाय तुमच्यासाठी, त्या वेळी तुम्ही त्याला बोलावून सांगितलंत म्हणून.

मी दोन्ही हातांनी घेतली.